मेट्रोनिडाझोल चालू असताना पोटात पुन्हा पू का झाला?

प्रश्न काटोलकडच्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, संत्र्याची बाग सांभाळतात. अपेंडिक्स फुटलं, नागपुरात ऑपरेशन झालं. पोटातल्या पूचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, ‘नो ग्रोथ’ आला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स सलाइनमधून चालू होती, तरी दहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप आला. सोनोग्राफीत ओटीपोटात पू दिसला, तो सुईने काढून नळी टाकली. या वेळी नमुना दुसऱ्या लॅबला गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला: बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा जंतू, मेट्रोनिडाझोल रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा. आता मेरोपेनेम सुरू केलंय, पण मेट्रोनिडाझोलही तसंच चालू आहे. पहिल्या लॅबचं चुकलं का, हा जंतू आला कुठून, घरच्यांना लागेल का आणि आता पुढे काय, असे चार प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. माणसं कमी बघते, त्यांचा पू जास्त बघते. त्यामुळे वडिलांच्या औषधाचा अंतिम निर्णय त्यांच्या सर्जनचाच. रिपोर्टवर जे लिहून आलंय त्यामागे काय असतं, ते मात्र मी सांगू शकते.

घरच्यांना लागेल का, हे आधी घेते, कारण धास्ती त्याचीच असते. नाही लागत. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस तुमच्याही मोठ्या आतड्यात आहे, माझ्याही. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच, आणि ऑक्सिजनविना जगणारे जंतू, ज्यांना आम्ही ॲनेरोब म्हणतो, ते तिथे ई. कोलायसारख्या हवेतही वाढणाऱ्या जंतूंपेक्षा शेकडो ते हजार पटींनी जास्त असतात. या गर्दीत फ्रॅजिलिसचा वाटा जेमतेम एखादा टक्का. पण आतडं किंवा अपेंडिक्स फुटलं की पोटाच्या पोकळीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा ॲनेरोब हाच. त्याच्या अंगावर शर्करेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं आणि त्या आवरणामुळेच शरीर त्याच्याभोवती भिंत घालून गळू करतं. सोबत सांडलेला ई. कोलाय आसपासचा उरलासुरला ऑक्सिजन संपवून टाकतो, म्हणजे याची आणखीच सोय. वडिलांना वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली असलं काही करू नका. संडासाहून आल्यावर आणि ड्रेसिंगला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढं पुरे.

आता पहिली लॅब. बहुधा त्यांचं चुकलेलं नाही, आणि हे मी आमच्या लोकांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाहीये. वॉर्डातून चिठ्ठी येते ती ‘पस, कल्चर सेन्सिटिव्हिटी’ एवढीच. याचा अर्थ आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असा होतो की पू ब्लड अगर आणि मॅकॉन्की या दोन प्लेटांवर लावायचा, साध्या हवेच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर ठेवायचा आणि एक-दोन दिवसांत वाचायचा. ॲनेरोब तिथे जन्मात उगवणार नाही. ई. कोलाय उगवला असता, पण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे डोस आधीच गेलेले असले तर तोही बऱ्याचदा मेलेला असतो. तेव्हा ‘नो ग्रोथ’ म्हणजे ‘हवेत वाढणारं काही वाढलं नाही’. रिपोर्ट खरा असतो, वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘जंतू नाहीत’ असा घेतो.

हे ओळखायची एक खूण आहे आणि तिला एक पैसा जास्त लागत नाही. पूचा थेंब काचेवर पसरून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, की दहा मिनिटांत कळतं. काचेवर लाल काड्या, निळे गोळे, लांब निमुळते दोरे अशी जंतूंची जत्रा दिसते आणि दोन दिवसांनी प्लेट मात्र कोरी, असं झालं की ॲनेरोब आहेत असंच धरायचं. त्यात पूला तो कुजका वास असेल तर शंकाच नको. हा वास ॲनेरोबच करतात. अनुभवी सिस्टर ड्रेसिंगची पट्टी काढतानाच सांगतात, ‘मॅडम, वास येऊन राहिला.’ वडिलांच्या पहिल्या रिपोर्टवर ग्रॅम स्टेनची ओळ आहे का, ते एकदा बघा. ‘प्लेंटी ऑफ पस सेल्स, मिक्स्ड बॅक्टेरिया’ असं काही लिहिलेलं असेल तर उत्तर त्या दिवशीच हातात होतं.

ॲनेरोबिक कल्चर मागितलं तरी निम्मं काम लॅबच्या दाराबाहेरच बिघडतं. कापसाचा स्वॅब हा या जंतूंचा कर्दनकाळ. कापसात हवा भरलेली असते, पूही जेमतेम चिकटतो, आणि नळीत पडून राहिला की सगळं वाळतं. हवा तो पू, निदान दोन-तीन मिली, सिरिंजमध्ये ओढलेला, वरची हवा ढकलून बाहेर काढलेली, सुई काढून तोंड बुचाने बंद केलेलं. किंवा पायाच्या जखमेचा असेल तर खालून कापलेला मांसाचा तुकडा. सिरिंज अर्ध्या-एक तासात पोचली पाहिजे. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन झिरपतो, म्हणून उशीर होणार असेल तर नमुना ट्रान्सपोर्ट मीडियमच्या बाटलीत किंवा रॉबर्टसनच्या कुक्ड मीट ब्रॉथमध्ये खोलवर सोडायचा.

आणि फ्रिजमध्ये अजिबात नाही. इथे सगळे फसतात, कारण बाकी बऱ्याच नमुन्यांना आपण बर्फ लावायला शिकवलेलं असतं. थंडीत द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि नाजूक ॲनेरोब गारठ्यानेही मरतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘रूम टेंपरेचरला पाठवा.’ पुस्तक लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नसतं. पारा ४५ वर, धंतोलीच्या हॉस्पिटलातून निघालेला पोऱ्या गाडीच्या डिक्कीत बाटल्या टाकून रामदासपेठ, सक्करदरा, मेडिकल चौक अशी फेरी मारून दुपारी लॅबला पोचतो. डिक्कीतलं तापमान मी इथे सांगायला नको. उन्हाळ्यात मी थर्माकोलच्या डब्यात, बर्फाविना, सावलीतून आणि सगळ्यात आधी हाच नमुना आणायला सांगते. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून रेफर झालेल्या पेशंटचा तिथेच घेतलेला पू इकडे पाठवण्यात तर काही अर्थच नसतो. पेशंट आल्यावर नवा घ्यावा.

लॅबमध्ये पुढे काय होतं तेही सांगते, म्हणजे आठवडा का लागला ते कळेल. प्लेटा हवाबंद जारमध्ये जातात. आत एक पाकीट टाकतो, ते ऑक्सिजन शोषून घेतं. सोबत इंडिकेटरची पट्टी असते. मिथिलिन ब्लूची असेल तर ऑक्सिजन असेपर्यंत निळी, संपला की पांढरी. मग ४८ तास जारला हात लावायचा नाही, कितीही फोन आले तरी. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं की वासानेच खोलीला कळतं. फ्रॅजिलिससाठी बाइल आणि एस्क्युलिन घातलेली वेगळी प्लेट असते. त्यावर इतर फारसं काही तग धरत नाही आणि हा मात्र जोमाने वाढून भोवतालचं माध्यम काळं करतो. मग प्रत्येक वेगळी दिसणारी कॉलनी दोन प्लेटांवर लावायची, एक हवेत, एक जारमध्ये. हवेतही वाढली तर तो ॲनेरोब नव्हेच. व्हॅन्कोमायसिन, कॅनामायसिन आणि कोलिस्टिनच्या खास ताकदीच्या चकत्या लावल्या तर फ्रॅजिलिस तिन्हींना भीक घालत नाही, ही जुनी ओळख. जंतू ओळखणारं माल्डी-टॉफ मशीन असेल तर नाव मिनिटांत मिळतं. पण औषधांची चाचणी करायला शुद्ध वाढ लागते आणि तिला पुन्हा एक-दोन दिवस.

आता तुमच्या रिपोर्टवरच्या त्या एका शब्दाकडे येते. मेट्रोनिडाझोलला ‘रेझिस्टंट’ असं दिसलं की माझा पहिला प्रश्न जंतूवर नसतो, जारवर असतो. हे औषध स्वतः निरुपद्रवी आहे. ॲनेरोबच्या पेशीत गेल्यावर तिथली रसायनं त्याला इलेक्ट्रॉन देतात, तेव्हा कुठे त्यातून डीएनए तोडणारा घटक तयार होतो. आसपास ऑक्सिजन असला तर तो ते इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि औषध पुन्हा होतं तसं निरुपद्रवी होतं. म्हणजे जारचं रबर सैल असेल, पाकीट जुनं असेल, तर चांगला सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाने मरणारा, जंतूही खोटा रेझिस्टंट दिसतो. दुसरी गफलत अशी, की शुद्ध वाढ न करता चाचणी लावली आणि त्यात ई. कोलाय मिसळलेला असला, तर मेट्रोनिडाझोलभोवती तो आरामात वाढणार, कारण त्याच्यावर हे औषध चालतच नाही.

तेव्हा लॅबला तीन गोष्टी विचारा, भांडायच्या सुरात नाही, साधेपणाने. त्याच जारमध्ये प्रमाणित कंट्रोल जंतू, म्हणजे औषध ज्याच्यावर चालतं हे आधीच माहीत असलेला, ठेवला होता का आणि तो सेन्सिटिव्ह आला का? हा जंतू हवेत वाढत नाही हे तपासलं का? आणि एमआयसी किती आली? एमआयसी म्हणजे वाढ रोखायला औषध कमीत कमी किती लागलं ते. अमेरिकेच्या सीएलएसआयच्या नियमात (आकडे मिलिग्राम प्रति लिटर) ८ पर्यंत सेन्सिटिव्ह आणि ३२ पासून पुढे रेझिस्टंट. युरोपच्या युकास्टच्या नियमात ४ च्या वर गेलं की रेझिस्टंट. ८ आली तर एका नियमाने पास आणि दुसऱ्याने नापास! २५६ च्या वर आली असेल आणि कंट्रोल ठीक असेल, तर मात्र रिपोर्टवर विश्वास ठेवा.

रेझिस्टन्स खरा आहे असं धरून पुढे जाऊ. मेट्रोनिडाझोल आधी निघालं ते योनीमार्गातल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी. ॲनेरोबवर ते चालतं हे कळलं ते योगायोगाने: १९६२ साली इंग्लंडमधले दंतवैद्य शिन यांनी नोंदवलं की ट्रायकोमोनाससाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचा आजारही बरा झाला. तेव्हापासून आजपर्यंत ॲनेरोबसाठी पहिलं नाव हेच. स्वस्त, गोळीतून जवळपास पूर्ण शोषलं जाणारं, गळवात आणि मेंदूतही पोचणारं. इतकी वर्षं वापरूनही बहुतेक देशांत फ्रॅजिलिसमधला रेझिस्टन्स अगदी थोडा राहिला, आणि त्या यशातूनच आपली सवय लागली: ‘मेट्रो लावलंय ना, मग ॲनेरोबची काळजी नाही.’ आपल्या उपखंडातून आलेल्या काही अहवालांत हे प्रमाण बाकी जगापेक्षा जास्त दिसलं आहे. काळजी आता करायला हवी.

जंतू हे साधतो कसं? एक वाट ‘निम’ नावाच्या जनुकांची. त्यांच्यापासून बनणारं एन्झाइम औषधाचा तो धोकादायक होऊ शकणारा नायट्रो भाग सरळ अमाइनमध्ये बदलतं, मधला घातक टप्पा येऊच देत नाही. पण निम जनुक असलं म्हणजे रेझिस्टन्स असतोच असं नाही. कित्येक जंतूंत ते झोपलेलं असतं. त्याच्या पुढ्यात डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा, इन्सर्शन सीक्वेन्स, येऊन बसला की ते जागं होतं. उलट, निम नसतानाही औषध सक्रिय करणारी यंत्रणा मंद करून काही जंतू सुटतात. ते हळू वाढतात, आणि ४८ तासांऐवजी घाईने वाचलं तर चाचणीतून निसटतात.

‘आला कुठून’ याचं उत्तर बऱ्याच अंशी वडिलांच्या आतड्यातच आहे, आणि त्या आतड्याने आजवर काय काय पचवलंय त्यात. आपल्याकडे जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून काय मिळतं? ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी, चिठ्ठी असो-नसो. लग्नाच्या पंगतीनंतरचे जुलाब बहुतेक वेळा विषाणूचे नाहीतर अन्नातल्या विषाचे, दोन दिवसांत आपोआप थांबणारे. त्यांना लागते ती जलसंजीवनी. पण गोळी घेतली, जुलाब थांबले, श्रेय गोळीला. दर वेळी मोठ्या आतड्यातल्या अब्जावधी ॲनेरोबवर औषधाचा फवारा होतो आणि जे टिकतात ते वाढतात. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल, सेक्निडाझोल ही सगळी एकाच घराण्यातली. म्हणून ‘मेट्रो चालत नाही तर ऑर्निडाझोल देऊन बघू’ हे मला पटत नाही. एकाला उत्तर सापडलेल्या जंतूपुढे दुसरंही बहुधा पडतं.

शिवाय ही जनुकं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. याचं सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण टेट्रासायक्लिनचं आहे. बॅक्टेरॉइड्समध्ये टेट्रासायक्लिनचा रेझिस्टन्स वाहून नेणारा एक मोठा डीएनएचा तुकडा असतो, आणि गंमत म्हणजे टेट्रासायक्लिनचा स्पर्श झाला की तो शेजारच्या जंतूत जाण्याचं प्रमाण शेकडो पटींनी वाढतं. १९७० पूर्वी जपून ठेवलेल्या बॅक्टेरॉइड्सपैकी सुमारे ३० टक्क्यांत हे जनुक होतं. १९९० च्या दशकात ८० टक्क्यांहून जास्त. हे आजारी माणसांपुरतं नव्हतं, धडधाकट लोकांच्या आतड्यातही तसंच. वडिलांनी आयुष्यात एकही ‘स्ट्राँग’ औषध घेतलं नसेल, तरी त्यांच्या आतड्यात अशी जनुकं असू शकतात.

बाकी औषधांचं काय, ते भरभर सांगते. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं फ्रॅजिलिस स्वतःच्या बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमने तोडतो. म्हणजे वडिलांना चालू असलेल्या जोडीत ॲनेरोबचा सगळा भार एकट्या मेट्रोनिडाझोलवर होता. जेंटामायसिन, अमिकासिन पेशीत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, त्यामुळे ॲनेरोबवर त्यांचा उपयोग शून्य, कायमचा. क्लिंडामायसिन एकेकाळी हुकमी होतं. आता जगात बऱ्याच ठिकाणी फ्रॅजिलिस गटातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त त्याला जुमानत नाही, आणि अमेरिकेच्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या मार्गदर्शनात पोटातल्या संसर्गासाठी ते नको असं स्पष्ट लिहिलं. मॉक्सिफ्लॉक्सासिनचा भरवसा राहिलेला नाही. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम अजून बहुतेकदा चालतात.

‘बहुतेकदा’ म्हणायचं कारण सीएफआयए नावाचं जनुक. फ्रॅजिलिसच्या एका उपगटाकडे ते जन्मजात असतं आणि मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवू शकतं, पण बहुतेकांत ते निमसारखंच झोपलेलं. इन्सर्शन सीक्वेन्स पुढ्यात आला की जागं. कधीकधी उपचार चालू असतानाच हा बदल होतो, पहिल्या नमुन्यात सेन्सिटिव्ह आणि नंतरच्यात रेझिस्टंट. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने सिॲटलमधल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी भारतात त्याच्यावर उपचार झाले होते. त्याचा फ्रॅजिलिस मेट्रोनिडाझोल आणि कार्बापेनेम (मेरोपेनेमचं घराणं) दोन्हींना दाद देत नव्हता, शेवटी उपचार लिनेझोलिडने झाला. म्हणून तुमच्या रिपोर्टवर मेरोपेनेमची एमआयसी आहे का, तेही विचारा. मेट्रोनिडाझोलला रेझिस्टंट निघालेल्या जंतूवर मेरोपेनेम चालेलच असं गृहीत धरू नये.

आता ‘पुढे काय’. मेरोपेनेमसोबत मेट्रोनिडाझोल कशाला, हा प्रश्न तुमच्या सर्जनला जरूर विचारा. मेरोपेनेम आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम स्वतःच ॲनेरोबवर चालतात. त्यात मेट्रोनिडाझोलची भर ही आपल्या वॉर्डांमधली फार जुनी सवय आहे आणि मला तिचा राग येतो. एकाच जंतूवर दोन औषधं देऊन पेशंटला दुप्पट फायदा होत नाही. तोंडाची कडवट धातूसारखी चव, मळमळ, आणि फार दिवस चाललं तर हातापायांना मुंग्या, हे मात्र वाढतं. अमिबाचा संशय असेल किंवा सी. डिफिसिलचं, म्हणजे अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणाऱ्या ॲनेरोबचं, काही असेल तर गोष्ट वेगळी. वडिलांच्या बाबतीत तर जंतू मेट्रोनिडाझोलला रेझिस्टंट आहे असा रिपोर्टच हातात आहे, मग ती बाटली रोज तीनदा का चढते?

खरं सांगायचं तर वडिलांना वाचवणारी गोष्ट मेरोपेनेम नव्हे, ती नळी आहे. गळवाच्या आत रक्तपुरवठा नाही, आम्लता जास्त, जंतू प्रचंड संख्येने आणि बरेचसे सुस्त. तिथे सेन्सिटिव्ह जंतूवरसुद्धा औषध अर्धवटच चालतं. वडिलांना दुसऱ्यांदा पू का झाला याचं कारणही केवळ रेझिस्टन्स असेल असं मी म्हणणार नाही. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर ओटीपोटात खळग्यात पू साचून राहणं हे रेझिस्टन्सशिवायही घडतं. दोन्ही मिळून झालं असावं. म्हणून रोज नळीतून किती येतंय, रंग काय, ते वहीत लिहून ठेवा आणि राउंडला दाखवा. नळी अचानक कोरडी पडली आणि ताप मात्र आहे, तर ती अडकली असण्याची शक्यता असते. सिस्टरला लगेच सांगा.

पू नीट निघून गेला की औषध किती दिवस? लोकांना वाटतं जंतू रेझिस्टंट, म्हणजे महिनाभर तरी. २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ‘स्टॉप-इट’ चाचणीत पोटातला संसर्ग ऑपरेशनने किंवा नळीने आटोक्यात आणल्यावर सुमारे ४ दिवस औषध देणं आणि सुमारे ८ दिवस देणं, यांत फरक पडला नाही. ती चाचणी रेझिस्टंट ॲनेरोबवर नव्हती, आणि वडिलांचा पू एकदा परतलाय, त्यामुळे सर्जन थोडे जास्त दिवस देतील तर ते समजण्यासारखं आहे. पण ‘सीटी स्वच्छ, ताप नाही, खातायत, तरी पंधरा दिवस मेरोपेनेम’ असं कुणी म्हटलं तर कारण विचारायला हरकत नाही.

थोडं विषयांतर करते, कारण नागपुरात ॲनेरोबची गोष्ट पोटावर संपत नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, आणि मग अशा माणसाच्या अक्कलदाढेला पू होतो. दाढ काढायला तोंड उघडत नाही, पू काढायला वाट मिळत नाही, म्हणून गोळ्यांवर गोळ्या: आधी अमॉक्सिसिलिन, मग मेट्रोनिडाझोल, मग दुकानदार सांगेल ते. तोंडातल्या प्रिव्होटेला या ॲनेरोबमध्ये बीटा-लॅक्टमेज आता सर्रास आढळतं, म्हणून एकटं अमॉक्सिसिलिन पुष्कळदा पडतं. ते एन्झाइम अडवणाऱ्या क्लॅव्हुलॅनेटसोबत दिलं तर चालतं. पण मूळ उपाय दाढ किंवा तिची नस साफ करणं हाच. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी घट्ट सूज, गिळायला त्रास, आवाज बदलणं, अशा वेळी गोळी शोधत बसू नका, श्वास कोंडू शकतो. मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा जे जवळ असेल तिथे रात्रीच गाठा. डायबेटिसच्या पायाचंही तसंच: वरून फिरवलेल्या स्वॅबमध्ये कातडीवरचे जंतू येतात, खरा गुन्हेगार खाली कुजलेल्या मांसात असतो.

तुमच्यासारख्या रिपोर्टचं माझ्या लेखी महत्त्व वेगळंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये धोकादायक रेझिस्टंट जंतूंची नवी यादी काढली. तिच्यात एकही ॲनेरोब नाही. सर्जनने गृहीत धरायचं की मेट्रोनिडाझोल चालतं, चालतं म्हणून कल्चर मागायचं नाही, मागत नाहीत म्हणून लॅबने जार काढून ठेवायचा, आणि जार नाही म्हणून रेझिस्टन्स दिसत नाही, असं हे गोल फिरतं. एखाद्या हॉस्पिटलने सगळ्यांचं ॲनेरोबिक कल्चर करावं असं मी म्हणत नाही, परवडणारही नाही. पण पोटात पुन्हा झालेला पू, मेंदूतलं गळू, रक्तात सापडलेला ॲनेरोब, हाडातला संसर्ग आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना न उतरणारा ताप, एवढ्यांचं तरी करावं. पूर्वी औषधांची चाचणी म्हणजे एक तर महागडी ई-टेस्टची पट्टी, नाहीतर अगर डायल्यूशनचा दिवसभराचा कुटाणा. २०२२ पासून युकास्टने फ्रॅजिलिससह मोजक्या ॲनेरोबसाठी साधी चकती लावायची पद्धत दिली आहे. घोड्याचं रक्त घातलेला खास अगर लागतो आणि तो इथे मिळवणं कटकटीचं आहे, पण १६ ते २० तासांत वाचता येते. नागपुरातल्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलांना हे जमण्यासारखं आहे.

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या खालीच ‘मेट्रोनिडाझोल रेझिस्टंट बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस’ असं तारखेसह लिहून घ्या आणि रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढे कधी पोटाचं ऑपरेशन निघालं तर भूल देण्याआधीचं अँटिबायोटिक निवडताना हा कागद उपयोगी पडतो. घरी गेल्यावर ताप, उचकी थांबत नाही, किंवा थोडी थोडी शेंबडासारखी शौच आणि सारखी कळ, असं झालं तर थांबू नका. शेवटचं लक्षण ओटीपोटात पुन्हा पू साचत असल्याचं असू शकतं, आणि नेमकं त्यालाच घरचे ‘जुलाब’ समजतात. दुसरीकडे, मेरोपेनेमसारख्या औषधानंतर पातळ पाण्यासारखे दिवसाला तीन किंवा जास्त जुलाब लागले तर ते सी. डिफिसिलचे असू शकतात. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होतात. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका, ऑर्निडाझोलची जोडगोळी तर नाहीच. पाणी-मीठ-साखर चालू ठेवा, शौचाचा पातळ नमुना घट्ट झाकणाच्या डबीत घेऊन लॅबला टॉक्सिनची चाचणी सांगा, आणि कोणतं अँटिबायोटिक कधी बंद झालं ते चिठ्ठीवर लिहून द्या.